रेइनाल्दो आरेनास : निर्वासिताचे वाङ्मय आणि इतिहासाचा पुरावा

ज्यांना राजसत्तेने बोलू दिले नाही अशा माणसांचा इतिहास लिहावयाचा झाला, म्हणजे अभ्यासकापुढे पहिली अडचण साधनांची उभी राहते. दप्तरे राजसत्तेची असतात. त्यांत अशा माणसाचे नाव आढळलेच, तर ते बहुधा आरोपी म्हणून आढळते. उलटपक्षी, त्या माणसाने स्वतः काही लिहून ठेवलेले असेल, तर ते क्षोभाने आणि अतिशयोक्तीने इतके भारलेले असते की, त्याला पुरावा म्हणावे की वाङ्मय म्हणावे, असा प्रश्न पडतो. क्यूबाचा कादंबरीकार व कवी रेइनाल्दो आरेनास (१९४३-१९९०) याचे जीवन व लेखन ह्या अडचणीचे एक ठळक उदाहरण आहे. तो खेड्यातील गरीब घरात जन्मला, क्रांतीने त्याला शिक्षण दिले, त्याच क्रांतीच्या शासनाने त्याला तुरुंगात घातले आणि अखेर १९८० साली देशाबाहेर जाऊ दिले. तो समलिंगी होता व ही गोष्ट त्याने लपविली नाही. त्याच्या लेखनाचे दोन प्रकारे वाचन होत आले आहे. काहींनी त्यास केवळ राजकीय साक्ष मानले, तर काहींनी केवळ कल्पनेचा खेळ. ह्या दोन्ही वाचनांत काही निसटते. ते काय, हे त्याच्या चरित्राच्या आणि ग्रंथांच्या क्रमाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ओरिएन्ते प्रांत आणि क्रांती

आरेनासचा जन्म १६ जुलै १९४३ रोजी क्यूबाच्या पूर्वेकडील ओरिएन्ते प्रांतात, ओल्गीन शहराच्या परिसरातील ग्रामीण भागात झाला. वडिलांनी आईला सोडून दिले होते. मूल आजोळी वाढले. त्या घरात आजी, आजोबा व नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा लग्न न झालेल्या मावश्या असा मोठा परिवार होता. दारिद्र्य इतके की, लहानपणी आपण माती खात होतो, अशी आठवण त्याने आत्मवृत्ताच्या आरंभीच दिली आहे. ह्या बालपणात भूक आणि मारझोड होती; तसेच झाडे, नदी, पाऊस, गुरे आणि आजीच्या तोंडच्या अद्‌भुत कथाही होत्या. त्याच्या पुढील सर्व लेखनात हे दोन्ही पदर एकमेकांत गुंतलेले दिसतात.

पुढे कुटुंब ओल्गीन शहरात आले आणि मुलाला पेरूचा मुरंबा तयार करणाऱ्या कारखान्यात काम करावे लागले. १९५८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो फुल्हेन्सिओ बातिस्ताच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना जाऊन मिळाला. त्या वेळी प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता देश सोडून पळाला आणि फिदेल कास्त्रोचे शासन सत्तेवर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आरेनास हा क्रांतीमुळे मालमत्ता गमावलेल्या वर्गातील नव्हता. ज्या वर्गासाठी ती क्रांती झाली असे सांगण्यात येत होते, त्याच वर्गातील तो होता. नव्या शासनाच्या शिष्यवृत्तीवर त्याने कृषी-हिशेबनीसाचे शिक्षण घेतले व १९६२ साली नियोजनाच्या अभ्यासक्रमासाठी तो हवाना विद्यापीठात आला. क्रांती झाली नसती तर ओरिएन्तेतील हा मुलगा राजधानीच्या ग्रंथालयापर्यंत पोहोचला असता, असे म्हणता येत नाही. म्हणूनच त्याची पुढील तक्रार ही पराभूत श्रीमंतांच्या तक्रारीहून निराळी ठरते.

२. ग्रंथालय आणि पहिली कादंबरी

१९६३ साली होसे मार्ती राष्ट्रीय ग्रंथालयाने मुलांना गोष्टी सांगणाऱ्यांसाठी एक स्पर्धा ठेवली होती. आरेनासने तीत स्वतः रचलेली गोष्ट सांगितली. ती परीक्षकांना इतकी आवडली की, त्याला ग्रंथालयात नोकरी देण्यात आली. ग्रंथालयाच्या संचालिका मारिया तेरेसा फ्रेइरे दे आन्द्रादे ह्या होत्या, आणि सिन्तिओ वितिएर व एलिसेओ दिएगो हे मान्यवर कवी तेथे काम करीत होते. वाचनाची विलक्षण भूक असलेल्या ह्या तरुणाला येथे खरे विद्यापीठ लाभले. ह्याच काळात होसे लेसामा लिमा (१९१०-१९७६) आणि विर्हिलिओ पिन्येरा (१९१२-१९७९) ह्या दोन थोर लेखकांचा सहवास त्याला मिळाला. दोघेही समलिंगी होते, दोघांनाही पुढे शासनाच्या अवकृपेचा अनुभव आला, आणि दोघेही आपल्याच देशात उपेक्षित अवस्थेत मरण पावले.

‘सेलेस्तिनो आन्तेस देल आल्बा’ (पहाटेपूर्वीचा सेलेस्तिनो) ह्या त्याच्या पहिल्या कादंबरीस १९६५ साली लेखक-कलावंत संघाच्या स्पर्धेत उल्लेखनीय म्हणून मान मिळाला आणि १९६७ साली ती हवाना येथे प्रसिद्ध झाली. प्रती केवळ २,००० होत्या. त्या लवकर संपल्या, परंतु दुसरी आवृत्ती निघाली नाही. क्यूबामध्ये त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ही एकमेव कादंबरी होय.

कथानक थोडक्यात असे : खेड्यातील एका निवेदक मुलाचा सेलेस्तिनो नावाचा भाऊ झाडांच्या बुंध्यांवर आणि पानांवर कविता लिहीत सुटतो, त्या घरातील कोणालाच त्या वाचता येत नाहीत, आणि आजोबा कुऱ्हाड घेऊन ती झाडे एकामागून एक तोडीत जातात. सेलेस्तिनो खरा आहे की निवेदक मुलाने एकटेपणात कल्पिलेला सोबती आहे, हे कादंबरी सांगत नाही. क्रांतीनंतरच्या क्यूबामध्ये जुन्या राजवटीतील दारिद्र्याचे चित्रण अपेक्षित होते. पण ते वास्तववादी पद्धतीने, कारणे व उपाय दाखवून. आरेनासने दारिद्र्य दाखविले, परंतु त्यावर उपाय म्हणून क्रांती न दाखविता कविता दाखविली. कुऱ्हाडीविरुद्ध लिहिणारा मुलगा ही प्रतिमा पुढे त्याच्या स्वतःच्या आयुष्यात अक्षरशः खरी होणार होती.

३. कादंबरीकाराने वाचलेला इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटेल ती दुसरी कादंबरी, ‘एल मुन्दो आलुसिनान्ते’ (भ्रमाचे जग). हिचा नायक ऐतिहासिक आहे. फ्राय सेर्वान्दो तेरेसा दे मिएर हा मेक्सिकोचा डोमिनिकन भिक्षू. १२ डिसेंबर १७९४ रोजी ग्वादालूपेच्या मातेविषयी दिलेल्या प्रवचनात त्याने असे प्रतिपादन केले की, अमेरिका खंडात ख्रिस्ती धर्म स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वीच पोहोचला होता. ह्याचा राजकीय अर्थ उघड होता : स्पेनच्या सत्तेचे धार्मिक समर्थनच त्यामुळे नाहीसे होत होते. परिणामी त्याला स्पेनमध्ये हद्दपार करण्यात आले. तेथून पुढे कैद आणि पलायन, पुन्हा कैद आणि पुन्हा पलायन, अशी त्याच्या आयुष्याची मालिकाच बनली. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर तो मायदेशी परतला आणि १८२७ साली मरण पावला. त्याने स्वतःच्या स्मृती लिहून ठेवल्या आहेत.

आरेनासने ह्या स्मृती वाचल्या, इतर साधने चाळली, आणि मग एकच प्रसंग कधी ‘मी’, कधी ‘तू’, तर कधी ‘तो’ अशा तीन तोंडांनी सांगितला. हे तीन वृत्तांत परस्परांशी जुळत नाहीत. एकात घडले ते दुसऱ्यात घडलेच नाही असे सांगितलेले असते. हा केवळ चमत्कृतीचा सोस नव्हे. सनावळी व दस्तऐवज यांच्या साहाय्याने माणसाचे अंतरंग हाती लागत नाही, एका क्षणी माणूस अनेक गोष्टी एकदम असतो, अशी त्याची भूमिका होती. पुढे ह्या कादंबरीस जोडलेल्या प्रास्ताविकात त्याने इतिहासकारांविषयीचा आपला अविश्वास स्पष्टपणे मांडला आहे. अभ्यासकाने त्यावर रुष्ट होण्याचे कारण नाही. दस्तऐवज कोणी, कोणाविषयी व कोणत्या हेतूने तयार केला, हा प्रश्न इतिहासशास्त्र स्वतःही विचारीतच असते. आरेनासने तोच प्रश्न कादंबरीच्या मार्गाने विचारला.

१९६६ च्या स्पर्धेत ह्या कादंबरीचाही उल्लेख झाला, परंतु ती क्यूबामध्ये छापली गेली नाही. १९६७ साली होर्हे कामाचो हा पॅरिसस्थित क्यूबन चित्रकार व त्याची पत्नी मार्गारीता हवानास आली असता त्यांच्या साहाय्याने हस्तलिखित देशाबाहेर गेले. १९६८ साली पॅरिसच्या सय प्रकाशनाने त्याचा फ्रेंच अनुवाद काढला; मूळ स्पॅनिश आवृत्ती १९६९ साली मेक्सिकोमध्ये निघाली. अशा रीतीने लेखकाचे स्वतःच्या भाषेतील पुस्तक स्वतःच्या देशाखेरीज अन्यत्र प्रसिद्ध झाले. शासनाच्या संमतीवाचून परदेशी ग्रंथ छापणे हा अपराध मानला जात होता, आणि येथपासूनच त्याच्यावर विशेष नजर ठेवली जाऊ लागली.

४. राज्य, ‘नवा माणूस’ आणि समलिंगी व्यक्ती

ह्या पाळतीचा अर्थ लागण्यासाठी तत्कालीन धोरणाकडे पाहिले पाहिजे. जून १९६१ मध्ये कास्त्रोने लेखक-कलावंतांपुढे केलेल्या भाषणात क्रांतीच्या चौकटीत सर्वांना वाव राहील, चौकटीविरुद्ध कोणालाही नाही, अशी मर्यादा आखून दिली होती. ती चौकट कोठे संपते हे ठरविण्याचा अधिकार अर्थातच शासनाचा होता. त्याच सुमारास क्रांती ‘नवा माणूस’ घडवील ह्या कल्पनेस जोर चढला. हा नवा माणूस श्रमिक, शिस्तबद्ध, लढाऊ आणि पुरुषी असणार होता. समलिंगी आकर्षण हे भांडवली समाजाच्या ऱ्हासाचे अवशेष आहे, ही समजूत आणि स्पॅनिश वसाहतीपासून चालत आलेला पुरुषी अभिमान, ह्या दोहोंची येथे युती झाली.

१९६५ ते १९६८ ह्या काळात कामाग्वे प्रांतात उत्पादनास साह्य करणाऱ्या लष्करी तुकड्या ह्या नावाने श्रमछावण्या चालविल्या गेल्या. त्यांत समलिंगी पुरुष, येहोवाचे साक्षी व इतर धर्मपंथीय, तसेच वर्तन संशयास्पद ठरलेले तरुण यांना सक्तीने पाठविण्यात आले. पुढे कार्डिनल झालेले हाइमे ओर्तेगा आणि प्रसिद्ध गायक पाब्लो मिलानेस हेही त्यांत होते. आरेनास स्वतः त्या छावण्यांत नव्हता, परंतु ‘आर्तुरो, ला एस्त्रेया मास ब्रियान्ते’ (आर्तुरो, सर्वांत तेजस्वी तारा, १९८४) ही त्याची लघुकादंबरी अशाच एका छावणीतील तरुणाविषयी आहे.

१९७१ साली हे धोरण अधिक उघड झाले. २० मार्च रोजी कवी एबेर्तो पादिया यास अटक झाली व २७ एप्रिल रोजी लेखकसंघाच्या सभेत त्याच्याकडून जाहीर आत्मदोषकथन करविण्यात आले. त्याच महिन्यात भरलेल्या शिक्षण व संस्कृतीविषयक पहिल्या राष्ट्रीय परिषदेने, समलिंगी व्यक्तींना तरुणांवर प्रभाव पडेल अशा सांस्कृतिक व शैक्षणिक कार्यात स्थान असू नये, असा ठराव केला. अनेक नाट्यकर्मी, शिक्षक व लेखक ह्या ठरावामुळे आपापल्या कामावरून दूर झाले. ह्या काळास क्यूबाच्या वाङ्मयेतिहासात ‘करडी पाच वर्षे’ असे नाव पडले आहे. ती पाचांहून अधिक होती, असे म्हणणारेही आहेत.

५. ऊस, गुलामी आणि ‘एल सेन्त्राल’

१९७० साली शासनाने एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवले आणि साऱ्या देशाला ऊसतोडणीस जुंपले. प्रत्यक्षात उत्पादन सुमारे ८५ लाख टन झाले. ते विक्रमी होते, तरी लक्ष्य हुकले आणि इतर सर्व उद्योग त्या पायी विस्कळीत झाले. आरेनासला पिनार देल रिओ प्रांतातील मान्वेल सांगिली ह्या साखर कारखान्यावर धाडण्यात आले. तेथे त्याने ‘एल सेन्त्राल’ हे दीर्घकाव्य रचले. ते १९८१ साली बार्सिलोना येथे प्रसिद्ध झाले.

स्पॅनिश अमलाखाली राबून मेलेले मूळ रहिवासी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आणि विसाव्या शतकातील सक्तीच्या भरतीचे तरुण ह्या तीन पिढ्या त्या काव्यात एकाच मळ्यात एकमेकींशेजारी उभ्या केल्या आहेत. मालक बदलला तरी कोयता व ऊस तोच, असा त्याचा आशय आहे. क्रांतीच्या अधिकृत इतिहासात १९५९ हे वर्ष दोन युगांमधली सीमारेषा होते. ‘एल सेन्त्राल’ ती सीमारेषाच नाकारते. इतिहासाच्या दृष्टीने हे विधान वादग्रस्त आहे. गुलामगिरी आणि आधुनिक राज्याची सक्तीची श्रमसेवा यांत कायद्याचा, कालावधीचा व वंशाचा मोठा भेद आहे. तथापि ज्याला परत जाण्याची मुभा नव्हती अशा तोडणीकऱ्याला तो भेद कितपत जाणवला असेल, हा प्रश्न काव्याने उभा केला आहे, आणि तो टाळता येत नाही.

६. हस्तलिखितांचा इतिहास

१९७३ च्या उन्हाळ्यात ग्वानाबो येथील समुद्रकिनाऱ्यावर आरेनासला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून अटक झाली. त्याने हा आरोप अमान्य केला. पुढे खटल्यात त्याच्या परदेशी प्रकाशनांचा विषयही आला, असे तो सांगतो. १९७४ साली तो पोलिसांच्या ताब्यातून निसटला, काही काळ हवानाच्या लेनिन उद्यानात लपून राहिला, आणि वर्षाच्या अखेरीस पुन्हा पकडला गेला. उद्यानात लपलेला असताना तो आपल्या आठवणी लिहीत असे. दिवा नसल्यामुळे अंधार पडण्यापूर्वी लिहून संपवावे लागे. ‘आन्तेस के आनोचेस्का’ (रात्र होण्यापूर्वी) ह्या आत्मवृत्ताच्या नावाचे मूळ येथे आहे. त्यानंतर १९७६ च्या आरंभापर्यंत तो हवाना बंदराच्या तोंडाशी असलेल्या एल मोर्रो ह्या जुन्या स्पॅनिश किल्ल्याच्या तुरुंगात होता. सामान्य गुन्हेगारांच्या कोठडीत तो इतर कैद्यांसाठी पत्रे लिहून देई. तेथून त्याला राज्य-सुरक्षा विभागाच्या ताब्यात नेण्यात आले आणि आपले लेखन व आपले वर्तन यांचा धिक्कार करणारा जबाब त्याच्याकडून घेण्यात आला. त्या जबाबाविषयीची लाज त्याने आत्मवृत्तात लपविलेली नाही.

ह्या वर्षांचा खरा इतिहास ‘ओत्रा वेस एल मार’ (पुन्हा समुद्र) ह्या कादंबरीच्या हस्तलिखितात आहे. पहिली प्रत त्याने एका परिचिताकडे ठेवण्यास दिली; ती परत मिळाली नाही. दुसरी प्रत त्याने घराच्या छपराच्या कौलांखाली दडविली. ती पोलिसांच्या हाती लागली. तिसऱ्यांदा त्याने सबंध ग्रंथ पुन्हा लिहून काढला व ती प्रत गुप्तपणे देशाबाहेर गेली. १९८२ साली ती बार्सिलोना येथे छापली गेली. तुरुंगातून सुटलेला माणूस शेकडो पृष्ठांची कादंबरी स्मरणातून नव्याने लिहितो, तेव्हा ती जुन्या कादंबरीची नक्कल राहत नाही. मधली सारी वर्षे तीत उतरतात.

कादंबरीची रचनाही लक्षणीय आहे. एक तरुण जोडपे समुद्रकिनाऱ्यावर सुटीचे सहा दिवस घालवून मोटारीने हवानाला परत निघते. पूर्वार्धात पत्नीचे गद्य स्वगत आहे. उत्तरार्धात पती एक्तोर याचे सहा सर्ग आहेत, आणि ते प्रामुख्याने पद्यात आहेत. एक्तोर हा लिहिणे सोडून दिलेला कवी आहे व आपले समलिंगी आकर्षण त्याने विवाहाआड झाकले आहे. उघडपणे जे बोलता येत नाही ते येथे कवितेत जाते. कादंबरीकार आरेनास आणि कवी आरेनास यांचा स्वतंत्र विचार करण्याची प्रथा ह्या एका ग्रंथापुढे लंगडी पडते.

‘सेलेस्तिनो’पासून सुरू होणाऱ्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेला त्याने ‘पेन्तागोनिआ’ म्हणजे पंचव्यथा असे नाव दिले. ‘एल पालासिओ दे लास ब्लांकीसिमास मोफेतास’ ही तिच्यातील दुसरी, ‘ओत्रा वेस एल मार’ तिसरी, ‘एल कोलोर देल वेरानो’ (उन्हाळ्याचा रंग) चौथी आणि ‘एल आसाल्तो’ (हल्ला) पाचवी. प्रत्येक कादंबरीत नायक मरतो किंवा लोपतो, आणि पुढील कादंबरीत दुसऱ्या नावाने पुन्हा उभा राहतो. नष्ट झालेल्या हस्तलिखितांचा पुनर्जन्म आणि नायकाचा पुनर्जन्म ह्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

७. मारिएल : दोन राज्ये, दोन नियम

एप्रिल १९८० मध्ये हवाना येथील पेरूच्या वकिलातीत काही दिवसांत दहा हजारांहून अधिक माणसे आश्रयासाठी शिरली. त्यानंतर कास्त्रोने मारिएल बंदर खुले केले आणि शरद ऋतूपर्यंत सुमारे १,२५,००० लोक बोटींनी अमेरिकेस गेले. जाणाऱ्यांना शासनाने ‘गाळ’ म्हटले, आणि हे म्हणणे खरे दिसावे म्हणून गुन्हेगार व समलिंगी ठरलेल्या व्यक्तींना जाण्याची परवानगी सुलभ केली. आरेनास पोलिसचौकीत गेला आणि आपण समलिंगी आहोत असे त्याने नोंदविले. लेखक म्हणून त्याला कदापि सोडले नसते. समलिंगी म्हणून सोडण्यात आले. निर्गमनाच्या कागदावर त्याचे आडनाव ‘आरिनास’ असे झाले होते, त्यामुळे ज्यांना जाऊ द्यावयाचे नाही त्यांच्या यादीत तो सापडला नाही. मे महिन्याच्या आरंभी तो फ्लोरिडातील की वेस्ट येथे उतरला.

ज्या देशात तो उतरला त्या देशाचा कायदाही ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५२ चा स्थलांतर कायदा मनोविकृत व्यक्तींना प्रवेश नाकारीत असे, व समलिंगी व्यक्ती त्यांतच मोडतात असे मानले जाई. १९६५ साली लैंगिक विकृतीचा स्पष्ट उल्लेख त्यात घालण्यात आला, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या अर्थास मान्यता दिली. म्हणजे एका राज्यातून बाहेर पडण्यासाठी जे विधान करणे आवश्यक होते, तेच विधान दुसऱ्या राज्यात शिरण्यास अडथळा ठरू शकत होते. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकन शासनाने प्रवेशार्थीस ह्याविषयी आपण होऊन प्रश्न विचारू नये असे ठरविले आणि अडचण व्यवहारात टळली. कायद्यातील ती तरतूद मात्र २९ नोव्हेंबर १९९० रोजी मंजूर झालेल्या नव्या स्थलांतर कायद्यानेच रद्द झाली. त्यानंतर आठ दिवसांनी आरेनास मरण पावला. मुक्त जगात आलेला लेखक, हे त्याचे जे वर्णन केले जाते, त्याला ही चौकट जोडली पाहिजे.

८. न्यूयॉर्क

मायामीत तो थोडाच काळ राहिला. तेथील क्यूबन वसाहत त्याला मागे सोडलेल्या बेटाचे विडंबन वाटली. समलिंगी लेखकाविषयी तिच्यातही फारशी आपुलकी नव्हती. १९८० च्या अखेरीस त्याने न्यूयॉर्क गाठले आणि मॅनहॅटनमधील एका साध्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, अखेरपर्यंत वास्तव्य केले. १९८२ साली त्याला गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. १९८३ ते १९८५ ह्या काळात त्याने व सोबतच्या निर्वासित लेखकांनी ‘मारिएल’ नावाचे नियतकालिक चालविले. ज्या बंदराचे नाव शिवीसारखे वापरले जात होते, तेच त्यांनी आपल्या पिढीच्या वाङ्मयीन अस्मितेचे नाव केले. नेस्तोर आल्मेन्द्रोस व ओर्लान्दो हिमेनेस लेआल यांच्या ‘कोन्दुक्ता इम्प्रोपिआ’ (अनुचित वर्तन, १९८४) ह्या अनुबोधपटात त्याने आपली साक्ष दिली.

अमेरिकेतील व युरोपातील विद्यापीठांत कास्त्रोविषयी सहानुभूती बाळगणारे अनेक प्राध्यापक होते. क्यूबामध्ये असताना आपल्या कादंबऱ्या अभ्यासणारे हे लोक आपण बाहेर येऊन बोलू लागताच दूर झाले, अशी त्याची तक्रार होती. त्याने भांडवली समाजाचेही गुणगान केले नाही. ‘एल पोर्तेरो’ (द्वारपाल) ह्या कादंबरीत मॅनहॅटनमधील एका श्रीमंत इमारतीचा क्यूबन द्वारपाल रहिवाशांना केवळ इमारतीचे दार न उघडता सुखाचे दार दाखवू पाहतो; परंतु त्याचे ऐकतात ते घरातील पाळीव प्राणी. कथा सांगणारा एक माणूस नाही, तर निर्वासितांचा सबंध समूह आहे. निर्वासिताची स्थिती येथे शोकाच्या सुरात न मांडता विनोदाच्या अंगाने मांडली आहे, म्हणूनच ती अधिक बोचते.

९. आत्मवृत्ताचे मूल्यमापन

१९८७ साली आपल्याला एड्स झाल्याचे त्याला कळले. पिन्येराच्या छायाचित्रापुढे उभे राहून, अपुरे लेखन पुरे करण्यासाठी आपण तीन वर्षे मागितली, असे तो सांगतो. ती वर्षे त्याने पंचव्यथेचे अखेरचे भाग, कवितासंग्रह आणि आत्मवृत्त यांत खर्च केली. आत्मवृत्त त्याने ध्वनिफितींवर सांगितले व ते दुसऱ्याने टंकलिखित केले. ७ डिसेंबर १९९० रोजी, रोग असह्य झाल्यावर, त्याने आत्महत्या केली. आत्मवृत्त १९९२ साली प्रसिद्ध झाले, १९९३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, आणि २००० साली त्यावर चित्रपट झाला. त्यामुळे आज आरेनास म्हटला की हाच एक ग्रंथ पुढे येतो.

पुरावा म्हणून ह्या ग्रंथाची पारख करताना त्यातील मजकुराचे तीन भाग पाडणे इष्ट आहे. पहिला, सार्वजनिक घटनांचा : श्रमछावण्या, १९७१ ची परिषद, पादियाचे आत्मदोषकथन, मारिएल. ह्यांना स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे आणि आरेनासची साक्ष त्याच्याशी जुळते. २०१० साली मेक्सिकोच्या ‘ला होर्नादा’ ह्या वृत्तपत्रास दिलेल्या मुलाखतीत खुद्द कास्त्रोने समलिंगी व्यक्तींच्या छळाची जबाबदारी स्वतःवर घेतली, ही गोष्टही येथे नमूद करावयास हवी. दुसरा भाग व्यक्तींवरील आरोपांचा : अमुक मित्र पोलिसांचा खबऱ्या होता, अमुकाने विश्वासघात केला, इत्यादी. ह्यांपैकी पुष्कळ आरोप एकतर्फी आहेत व आरोपितांची बाजू ग्रंथात नाही. तेथे अभ्यासकाने निर्णय राखून ठेवणेच न्याय्य. मात्र मित्र खबऱ्या निघेल ही सार्वत्रिक भीती हा स्वतंत्र ऐतिहासिक तथ्यांश आहे, आणि त्याला हे आरोप निःसंशय पुरावा आहेत. तिसरा भाग अतिशयोक्तीचा. आपल्या शरीरसंबंधांची संख्या तो हजारांत सांगतो. साऱ्या बेटावर कामवासनेचा महोत्सव चालू होता असे भासवितो. ही आकडेवारी नव्हे. जे शासन वर्तनाची नोंद ठेवून माणसाला शिक्षा करी, त्याच्या नोंदवहीला दिलेले ते उत्तर आहे. नोंदवही एक अपराध लिहिते. तो हजार कबूल करतो, आणि त्यांना अपराध म्हणण्याचे नाकारतो.

‘एल कोलोर देल वेरानो’ ह्या कादंबरीत त्याने स्वतःलाच तीन पात्रांत विभागले आहे : आईसाठी गाब्रिएल, वाचकांसाठी लेखक रेइनाल्दो, आणि समलिंगी मित्रमंडळींत एका हास्यास्पद टोपणनावाने वावरणारी तिसरी व्यक्ती. कादंबरीच्या अखेरीस रहिवासी बेटाचा पाया कुरतडून ते समुद्रात मोकळे करतात. परंतु कोणत्या दिशेला जावे यावर त्यांचे एकमत होत नाही आणि बेट बुडते. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ अशा तीन तोंडांनी फ्राय सेर्वान्दोची कथा सांगणारा तरुण लेखक आणि मरणापूर्वी स्वतःचे तीन तुकडे करून दाखविणारा रोगजर्जर लेखक यांच्यामध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात एकाच माणसाला एका राज्याने गुन्हेगार, मग गाळ, आणि दुसऱ्याने प्रथम अनिश्चित दर्जाचा प्रवेशार्थी ठरविले होते. तरुणपणी जी रचनेची युक्ती होती, ती अखेरीस चरित्राचे यथातथ्य वर्णन ठरली.

१०. समारोप

आरेनासच्या कागदपत्रांचा संग्रह आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. २५ सप्टेंबर २०२२ रोजी क्यूबामध्ये सार्वमताने नवी कुटुंबसंहिता मंजूर होऊन समलिंगी विवाहास मान्यता मिळाली. ह्या बदलाने त्याच्या लेखनातील साक्ष कालबाह्य होत नाही; उलट ती शांतपणे तपासण्याची वेळ आता आली आहे.

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. आरेनासचे समलिंगी असणे हा त्याच्या चरित्रातील खाजगी तपशील म्हणून वगळला, तर त्याची अटक, त्याचे निर्गमन आणि त्याच्या ग्रंथांची रचना यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. तसेच त्याचे लेखन केवळ एका राजवटीविरुद्धचे आरोपपत्र म्हणून वाचले, तर ओरिएन्तेतील दारिद्र्य, मळ्यावरील गुलाम, मायामी व न्यूयॉर्क येथील परकेपणा हे सर्व निरर्थक ठरते. झाडावर लिहिणारा मुलगा व कुऱ्हाड यांचे नाते त्याने क्रांतीपूर्वीच्या खेड्यात प्रथम पाहिले होते. पुढे कुऱ्हाड धरणारे हात बदलले. तो मात्र प्रत्येक वेळी नव्याने लिहीत राहिला. आणि त्या पुनर्लेखनाच्या प्रती हाच त्याने इतिहासासाठी मागे ठेवलेला सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय.